तेविसावं दृश्य

प्रिय बडबडे,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मला दोन वर्षं लागली. तसं एक उत्तर मी लगेच पाठवलं होतं, पण ते उत्तर नव्हतंच, हे मला मागच्या आठवड्यात कळलं. कसं कळलं ते सांगतो, पण माझ्या पद्धतीनं, म्हणजे आधी इकडचं तिकडचं. माझी गाडी सरळ रस्त्यानं कधी जात नाही, तुला माहीतच आहे.

इकडे सगळं जिथल्या तिथे आहे. छापखान्यात हल्ली प्रुफं कागदावर कमी आणि पडद्यावर जास्त येतात, तरी मालकांनी मला काढलेलं नाही. कोपऱ्यातलं टेबल, वाकड्या मानेचा दिवा आणि लाल पेन्सिलींचा डबा अजून माझाच आहे. चष्म्याचा नंबर वाढलाय. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात पस्तीस वर्षं गेली, हे मी पूर्वी मोठ्या ऐटीत सांगायचो. तुझी आई बरी आहे असं लिहिणार होतो, पण ती बरी नाही. माझ्याशी कामापुरतं बोलते.

परवा तो जुना प्लेअर पुसून ठेवला. रविवारी दुपारी जेवणं झाली की आपण दोघं त्याच्यापुढे ठाण मांडायचो, तू वही घेऊन आणि मी रिमोट घेऊन. मला सिनेमे लिहायचे होते, सुधारले मात्र लोकांचे स्वल्पविराम. म्हणून मग तुला शिकवायला घेतलं. दर दोन मिनिटांनी मी सिनेमा थांबवायचो आणि विचारायचो, या माणसाला आत्ता काय हवंय, आणि त्याला आडवं कोण येतंय? तू नऊ वर्षांची, पण पटापट सांगायचीस. तुमच्या नादानं एका सिनेमाचा शेवट धड बघायला मिळत नाही, अशी आईची कुरकुर. एकदा तर ती चिडून शेजारणीकडे गेली आणि शेवट विचारून आली. त्या म्हाताऱ्याचा सीन आठवतो? तो जेवायला दोन ताटं घेतो, थबकतो, एक परत ठेवतो. बायको गेली हे कुणी बोलत नाही. तेवढा तुकडा आपण अकरा वेळा पाहिला. त्याच दिवशी मी तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत लिहून दिलं, मनातलं कधीही पात्राच्या तोंडी घालायचं नाही. तू ते इतकं मनावर घेतलंस, की पाय मुरगळला तेव्हाही दुखतंय म्हणाली नाहीस, नुसती जिन्यात बसून राहिलीस. मी कौतुकानं सगळ्या छापखान्याला सांगत सुटलो होतो. आता ते कुणालाही सांगत नाही.

पुढे तू दूर त्या शहरात, मालिका लिहिणाऱ्या मोठ्या लेखकाकडे मदतनीस म्हणून लागलीस आणि आपली शिकवणी टपालानं सुरू झाली. पंधरवड्याला एक दृश्य, वर उजव्या कोपऱ्यात क्रमांक. मी तपासून परत पाठवायचं. तुझ्या गोष्टीतली मुलगीही शहरात कामाला गेलेली आणि बापाला पत्रं लिहिणारी. जगलेलंच लिही, फक्त थोडं फिरव, हेही मीच शिकवलेलं. बावीस दृश्यं झाली. मग ते एक पान आलं, मी ते तपासून पाठवलं, आणि त्यानंतर तुझे फोन ‘बरं आहे’च्या पुढे गेले नाहीत. काही दिवसांनी नंबरच बंद झाला. मी दोनदा येऊन गेलो. ऑफिसात म्हणाले, काम सोडून गेली. खोलीवरची तुझी मैत्रीण म्हणाली, कुठे जाते ते काही बोलली नाही. मला वाटलं, पोरीला शिंगं फुटली, बापाचा कंटाळा आला. रागही आला होता, खोटं कशाला बोलू.

मागच्या मंगळवारी त्याच मैत्रिणीनं खोली सोडताना तुझं राहिलेलं सामान खोक्यात भरून पाठवलं. दोन स्वेटर, ती वही आणि तपासलेली पानं. एरवी आई त्या पानांना हात लावत नसे, पण या वेळी खाली बसून एकेक वाचत राहिली. मग एक पान तिनं माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, या एकाच आकड्याचा रंग वेगळा का? बाकीच्या पानांवरचे आकडे तुझ्या निळ्या शाईतले. या पानावरचा तेवीस लाल होता, माझ्या हातचा. तू आकडा घातलाच नव्हतास. विसरली असशील म्हणून मी घातला. खाली तुझं अक्षर होतं. बाबा, सर दुपारी दार लावून घेतात. मला भीती वाटते. मला घरी यायचंय. न्यायला याल का? ‘दार लावून घेतात’पाशी मी समासात लिहिलं होतं, खलनायक फार लवकर कळतो. ‘भीती वाटते’वर काट मारली होती आणि बाजूला, सांगू नकोस, दाखव. शेवटच्या वाक्याखाली दुहेरी रेघ होती. इथेच थांब, वडिलांचं उत्तर दाखवू नये. आणि तळाशी शाबासकी, आजवरचं सगळ्यात चांगलं दृश्य.

जेवायच्या वेळी आईनं तीन ताटं घेतली आणि तिसरं परत ठेवलं नाही. मला त्यात कुठलंही दृश्य दिसलं नाही. मी तिच्यासमोर बसून रडलो.

हे पत्र तुझ्या मैत्रिणीच्या नव्या पत्त्यावर पाठवतोय. तुझा ठावठिकाणा तिलाही माहीत नाही. कधी भेटलीच तर देईन, एवढं तिनं कबूल केलंय. तुझ्या हाती पडेल अशी आशा मला फारशी नाही, आणि पडलं तरी ती दोन वर्षं काही परत येत नाहीत. पण तू एक प्रश्न विचारला होतास आणि त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय, म्हणून हे लिहिलं. हो, येतो. त्याच दिवशी, मिळेल त्या गाडीनं यायला हवं होतं. आताही येईन, फक्त कुठे ते कळव. मला तुझी फार आठवण येते. मला भीती वाटते. माझं चुकलं. ही वाक्यं तुझ्या वहीत असती तर मी खोडली असती. वर उजव्या कोपऱ्यात बघ, बाळा. आकडा घातलेला नाही.

तू असशील तिथे तुझाच,
बाबा