बिल बनायच्या आधी

३ जून. बँकेत गेले. शिवणकामाच्या दुकानाला ओव्हरलॉक मशीन हवंय, कर्ज माझ्याच नावावर. सूनबाई म्हणाली, मी घेते ना आई. हो, घेशील आणि मग माझ्याच दुकानात मला हुकूम सोडशील! बँकेतली चष्मेवाली म्हणाली, आजी, तुम्ही क्रेडिट कार्ड गच्च वापरता, म्हणून कर्ज देताना बघतात तो स्कोअर पडलाय. वीस तारखेला बिल बनतं, त्याआधीच पैसे भरा, म्हणजे बिलात थोडकंच दिसेल. हात्तिच्या, एवढंच? चौथी नापास असले तरी डोकं शाबूत आहे.

१७ जून. सगळे भरले. कार्ड लख्ख! सूनबाईला सांगितलं. नुसतं हं म्हणाली. जळते.

१९ जून. कापडवाल्याकडे अस्तराचा सेल. कार्ड रिकामंच होतं. काय काचेच्या कपाटात मांडून ठेवू? चार तागे घेतले.

२१ जून. बिलात कार्ड पुन्हा गच्च. चष्मेवाली म्हणाली, आजी, भरल्यावर बिल बनेपर्यंत परत वापरायचं नसतं. मग आधी काय तोंडात गुळणी धरली होती? चूक तिची.

१८ जुलै. भरले. कार्ड सूनबाईच्या कपाटात कुलूपबंद. बजावलं, मी मागितलं तरी देऊ नकोस.

१९ जुलै. मागितलं. दिलं नाही. सासूला उलट बोलते!

२१ जुलै. बिल जवळपास कोरं. केवढा माझा संयम!

६ ऑगस्ट. स्कोअर चढला. चष्मेवाली म्हणाली, या महिन्याचं बिल असंच आलं की कर्ज मंजूर. कार्ड परत घेतलं. आता राखण कशाला? शिस्त अंगात मुरलीय.

१९ ऑगस्ट. सकाळी भरले. दुपारी मशीन नुसतं बघायला गेले. दुकानदार म्हणाला, मावशी, शेवटचा पीस, आज निम्मे भरा, कात्री फुकट. कार्डानं भरले. ही काही खरेदी नव्हे, ॲडव्हान्स आहे. तो बिलात धरत नसणार.

२१ ऑगस्ट. धरतात. कर्ज नामंजूर. कात्री मात्र झकास आहे.

२६ ऑगस्ट. मशीन आलं. उरलेल्या पैशांचं कर्ज सूनबाईला चटकन मिळालं. पावती तिच्या नावाची. संध्याकाळी नवीन गिऱ्हाईक आलं, विचारलं, मालकीण कोण? सूनबाई म्हणाली, मीच. मी सुईत दोरा ओवत होते. अशा वेळी मी बोलत नाही.