गिरकीला लिफ्ट बंद

मी, खाली सही करणारा, वय त्र्याहत्तर, उभा जन्म लिफ्ट बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस, चौथ्या मजल्यावरच्या माझ्या स्वतःच्या घरात बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. याबद्दल माझ्या मुलाला शंका असल्यामुळे डॉक्टरांचा तसा लेखी दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. मला राग आलेला आहे, पण राग आणि दडपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वकिलांनीही मान्य केले. याआधी मी एक मृत्युपत्र केले होते, त्यात सगळे मुलाच्या नावे होते. ते रद्द समजावे आणि त्याची प्रत कोणाकडे असल्यास फाडून टाकावी.

कलम १. गिरकी

वकील म्हणाले, आधी घर लिहा. मी आधी कुत्री लिहितो. घराला कोणी उचलून नेऊन दुसरीकडे बांधत नाही.

गिरकी: मादी, रंग भुरा, उजवा कान उभा, डावा पडका, वय अंदाजे अकरा, वजन एकोणीस किलो. बसण्याआधी स्वतःभोवती तीन वेळा फिरते म्हणून माझ्या पत्नीने हे नाव ठेवले. तिला आणलेही पत्नीनेच, मला न विचारता, बुटाच्या खोक्यातून. मी तीन दिवस दोघींशी बोललो नाही. चौथ्या दिवशी पत्नीला ताप आला आणि पिल्लाला खाली न्यायला घरात दुसरे कोणी नव्हते. म्हणजे मुलगा होता, पण तो झोपला होता.

तेव्हापासून रोज सकाळी सहा आणि संध्याकाळी साडेपाच. सहा वर्षांपूर्वी पत्नी गेली, त्या दिवशीही मी गिरकीला वेळेवर खाली नेले. नातेवाइकांना ते बरे दिसले नाही. एकाने तर तोंडावर बोलून दाखवले. त्याला या मृत्युपत्रात काहीही नाही, हे इथेच सांगून टाकतो.

गिरकीचा फेरा ठरलेला आहे. गेटमधून डावीकडे. बेकरीच्या मागच्या दाराशी एक थांबा. मग चष्म्याच्या दुकानाची पायरी. मग बस डेपोची लांब भिंत, तिथे ती एकेका दगडाची हजेरी घेते आणि तिला घाई केलेली चालत नाही. मी पस्तीस वर्षे याच रस्त्याने कामाला गेलो, पण कोणाशी दोन शब्द बोललो असेन तर शपथ. बेकरीवाल्याच्या बायकोचे पाय दुखतात, चष्मेवाल्याला स्वतःलाच नीट दिसत नाही, डेपोचा पहारेकरी निवृत्त व्हायला घाबरतो, हे सगळे मला गिरकी थांबली म्हणून कळले.

माझ्यामागे गिरकीचा ताबा माझ्या सुनेकडे राहील. कारण पुढे येईल.

कलम २. इमारतीचे चेअरमन

यांना मी पितळी पाटी देत आहे. ती माझ्या पेटीत वरच्या कप्प्यात आहे. तिच्यावर लिहिले आहे: सहा माणसे, चारशे आठ किलो. आमच्या इमारतीत लिफ्ट मी बसवली, तेव्हाची ती मूळ पाटी. चेअरमननी ती काढून त्या जागी आरसा लावला.

दोन वर्षांपूर्वी गिरकीचे मागचे सांधे धरले. ती जिना उतरू शकेना. मी तिला लिफ्टने नेऊ लागलो. आठ दिवसांत लिफ्टमध्ये बोर्ड लागला: ‘कुत्री व अवजड सामान यांस सक्त मनाई. कमिटीच्या आदेशावरून.’ मी चेअरमनना भेटलो. ते म्हणाले, लिफ्टवर ताण येतो. हे त्यांनी मला सांगितले. एकोणीस किलोचा ताण. स्वतः चेअरमन शहाण्णव किलो आहेत. हे मी अंदाजाने लिहीत नाही, त्यांनी स्वतःच एकदा जिमचा कागद सगळ्यांना दाखवला होता. शिवाय या लिफ्टची देखभाल मी चौदा वर्षे फुकट करत होतो. ती एकदाही पडली नाही, अडकली नाही.

मी त्या दिवसापासून लिफ्टला हात लावणे बंद केले. कॅनव्हासच्या जुन्या हत्यारांच्या पिशवीला पट्टे शिवले, गिरकीला त्यात बसवले आणि पाठीवर घेऊन चार मजले उतरू लागलो. सकाळी उतरायचे, चढायचे. संध्याकाळी उतरायचे, चढायचे. मधल्या मजल्यांवरची माणसे दार किलकिले करून बघायची आणि दार लावून घ्यायची. कमिटीत तीही होती.

मग एक दिवस लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. कंपनीचा माणूस चार तासांनी येणार होता. मी गिरकीला पाठीवर घेऊन फेऱ्यावरून परत येत होतो, तेव्हा मला बोलवायला आले. मी गेलो, कारण आत माणूस आहे म्हटल्यावर जायचे असते. तिसऱ्या मजल्यावर दाराशी वाकून मी विचारले, “आत कोण आहे?”

“मी आहे हो. चेअरमन.”

“आणखी कोण?”

आत पत्र्यावर काहीतरी घासले. मग बारीक आवाजात उत्तर आले, “वॉशिंग मशीन.”

मी गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेलो, ब्रेक सोडला आणि चाक हाताने फिरवत फिरवत लिफ्ट मजल्याला आणली. त्यात माझी अर्धी सकाळ गेली. चेअरमन घामाने चिंब होऊन बाहेर आले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. माझ्या पाठीवरच्या पिशवीतून गिरकी त्यांच्याकडे बघत होती. ते म्हणाले, “पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेतो.”

मीटिंग झाली. दोन विषय होते, जिन्याचा रंग आणि माझे आभार. बोर्ड नव्याने रंगवून आणला गेला, आधीपेक्षा मोठ्या अक्षरांत.

म्हणून त्यांना पाटी. ती त्यांनी वाचावी, इतकीच अपेक्षा आहे.

कलम ३. माझा मुलगा

यंदाच्या पावसाळ्याआधी, सकाळी सहा वाजता, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझा पाय घसरला. खुब्याचे हाड मोडले. गिरकीला काही झाले नाही. मी अकरा दिवस दवाखान्यात होतो. रोज मुलाला विचारायचो, गिरकी कशी आहे? तो म्हणायचा, मजेत आहे.

घरी आलो तर गिरकी नव्हती. मुलगा म्हणाला, “दार उघडं राहिलं, बाबा. गेली ती. आम्ही खूप शोधलं.”

मी वॉकर घेऊन शोधायला निघालो. डॉक्टरांनी नको म्हटले होते. मुलाने तिच्या फोटोचे दोनशे कागद ऑफिसातून रंगीत छापून आणून दिले. ‘हरवली आहे.’ खाली माझा नंबर. चिकटपट्टीही त्यानेच आणली. मी बेकरीच्या काचेवर कागद लावला, चष्मेवाल्याने आपल्या दारावर लावून घेतला, डेपोच्या पहारेकऱ्याने भिंतीवर ओळीने बावीस लावले आणि वरिष्ठांची बोलणी खाल्ली. बेकरीवाल्याची बायको दुखऱ्या पायांनी तीन गल्ल्या फिरून आली. एकोणीस दिवस मी हे करत होतो. संध्याकाळी घरी आलो की मुलगा विचारायचा, काही कळलं का?

विसाव्या सकाळी मी स्वयंपाकघरात बसून चिकटपट्टीचे तुकडे कापत होतो. सून भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

“बाबा, नका लावू कागद. ती हरवलेली नाही.”

मुलाने गिरकी आपल्या मित्राच्या फरश्यांच्या गोदामावर राखणीला दिली होती. मी दवाखान्यात गेलो त्याच्या चौथ्या दिवशी. सुनेला त्याने सांगितले होते की बाबांना कळले तर ते पुन्हा जिना चढतील आणि त्याला तू जबाबदार राहशील. ती एकोणीस दिवस गप्प राहिली. त्याबद्दल मी तिच्यावर रागावलो आहे, हेही इथे नोंदवतो. पण शेवटी बोलली तीच.

ती दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, भाड्याची गाडी बोलावली आणि मला गोदामावर नेले. गिरकी फाटकाशी आखूड साखळीने बांधलेली होती. अंगावर फरशीची पांढरी भुकटी, पाण्याचे भांडे कोरडे. तिथला माणूस म्हणाला की न्यायची तर न्या, ही भुंकतच नाही, काही उपयोगाची नाही.

मला वाटले होते की ती मला बघून झेप घेईल. तिने माझ्याकडे एकदा बघितले, जागच्या जागी तीन वेळा फिरली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. मी वॉकरला धरून उभा राहिलो. ती माझ्यावर चिडली होती आणि तो तिचा हक्क होता. गाडीत ती सारा वेळ खिडकीबाहेर बघत होती. घर जवळ आल्यावर तिने हनुवटी माझ्या चपलेवर ठेवली. मी पाय हलवला नाही.

इमारतीत आलो. गिरकी सवयीने जिन्याशी जाऊन थांबली. मला तिला उचलता येईना, मला स्वतःलाच जिना चढता येत नव्हता. सुनेने तिला कडेवर घेतले, लिफ्टमध्ये शिरून समोरचा बोर्ड पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचला आणि चारचे बटण दाबले. तेव्हापासून दोन्ही वेळा तीच गिरकीला लिफ्टने नेते. चेअरमननी दोन नोटिसा पाठवल्या. गिरकीचे केस विंचरल्यावर सून ते त्या कागदांत गुंडाळून टाकते.

माझ्या मुलाला मी उरलेले एकशे एकतीस कागद देत आहे. ते त्याने घरात कुठेही ठेवावेत, पण टाकू नयेत.

कलम ४. घर

हे घर, त्यातल्या सामानासह, माझ्या सुनेच्या एकटीच्या नावे करावे. मुलगा त्यात तिच्या परवानगीने राहील. उद्या दोघांचे पटले नाही तर बाहेर कोण पडणार, हे त्याला आधीच माहीत असलेले बरे. बँकेत जे थोडे आहे त्यातून गिरकीचे औषधपाणी व्हावे आणि राहिलेले सुनेने वाटेल तसे वापरावे.

कलम ५. हत्यारे

पान्यांचा डबा, साखळी-कप्पी, दोन टेस्टर आणि माझे हेल्मेट माझ्या जुन्या जोडीदाराच्या मुलीला द्यावे. ती लिफ्टचेच काम करते आणि चांगले करते. तिला सुरुवातीला तीन कंपन्यांनी बाईमाणूस म्हणून परत पाठवले होते. त्या तिन्ही कंपन्यांची नावे मी तिला एका वेगळ्या कागदावर लिहून देणार आहे, तिच्याजवळ असावीत म्हणून.

कॅनव्हासची पिशवी सुनेने ठेवावी. लिफ्ट कधी ना कधी बंद पडतेच.

कलम ६. माझा देह

मला लिफ्टने खाली आणू नये. जिन्याने आणावे, चारही मजले. उचलणाऱ्यांत चेअरमन असावेत आणि वळणावर त्यांनी जपून पाय टाकावा. गर्दी, भाषणे नकोत. संध्याकाळचे साडेपाच वाजत आले असतील तर सगळे थांबवून आधी गिरकीला फिरवून आणावे.

कलम ७. काल वाढवलेले

मला मागून केलेले काही आवडत नाही. म्हणून काल, रविवारी, मी मुलाला टेबलाशी बसवले आणि वरचे सगळे त्याला वाचून दाखवले. सून शेजारी उभी होती.

वाचून झाल्यावर मी त्याला म्हणालो, तुला काय सांगायचे ते सांग, मी लिहून घेतो. तो टेबलाची कड चाचपत बसला. मग म्हणाला, “तुम्ही वळणावर पडला होता ना, तेव्हा ती तुमच्या अंगावर उभी होती. कुणाला जवळ येऊ देत नव्हती. मलाही नाही. स्ट्रेचर खाली थांबलं होतं आणि मी तुमच्यापासून चार पायऱ्यांवर. तुम्ही डोळे उघडत नव्हता. मला त्या क्षणी ती नको झाली, बाबा. नंतर खोटं बोललो ते बोललो.”

हे मला माहीत नव्हते. कोणी सांगितले नाही. हे त्याचे म्हणणे आहे आणि त्याच्याच शब्दांत लिहिले आहे, कारण मृत्युपत्रात एकाच बाजूचे लिहिणे बरोबर नाही. मला ते पटलेले नाही. भीती वाटली तर माणूस दार लावून घेतो, गोदाम शोधत नाही. आणि एकोणीस दिवस चिकटपट्टी आणून देत नाही. तसे मी त्याला म्हटलेही. त्याने मान हलवली.

मी वाट बघत होतो की तो घराचे काढेल. त्याने नाही काढले. उठला, खोलीच्या दारापर्यंत गेला आणि परत वळला.

“ती चालताना डाव्या बाजूला असते की उजव्या?”

अकरा वर्षे ही कुत्री त्याच्या घरात आहे. तिच्याबद्दल त्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

मी म्हणालो, “डाव्या. आणि भिंतीशी घाई करायची नाही.”

आज सकाळी सहाला मी जागा होतो. आधी कडी काढल्याचा आवाज झाला, मग लिफ्टचा. सून स्वयंपाकघरात होती.

वरच्या कलमांत काहीही बदलू नये. घर सुनेचेच. फक्त कलम १ मध्ये एवढे जोडावे: सकाळचा फेरा, गिरकी तयार असेपर्यंत, मुलाने करावा.

ठिकाण: चौथा मजला, पुढची खोली, खिडकीजवळची खुर्ची.
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४, सोमवार, सकाळी साडेदहा.

सही करणारा: (सही) निवृत्त लिफ्ट-मेकॅनिक. सही थोडी वाकडी आली आहे, खुर्चीखाली कुत्री आहे. माझीच आहे.

साक्षीदार १: (सही) आमचे डॉक्टर. मी सही करताना शुद्धीवर होतो आणि जिना चढू नका हे त्यांनी मला पुन्हा सांगितले, असे त्यांनी लिहायला लावले आहे.

साक्षीदार २: (सही) तळमजल्यावरच्या लाँड्रीवाल्या बाई. यांना मी इस्त्रीचे मोठे टेबल देणार होतो. पण ज्याला काही मिळते त्याने साक्ष न दिलेली बरी, असे वकील म्हणाले. म्हणून टेबल आजच, मी जिवंत असताना, खाली पोचवले आहे. लिफ्टने.