खिडकीतून काढलेला फोटो

१ ऑगस्ट
एल आल्तो शहरात पोचले एकदाची. ओरुरोहून आणलेल्या पेट्या घरमालकीण एउसेबियामावशींनी स्वतः जिन्यावरून चढवल्या. साठी उलटलेली बाई, पण दम लागला तो मला. खोली लहान आहे, खिडकी मात्र गल्लीवर उघडते आणि ऊन भरपूर. कोपऱ्यावर आपी, म्हणजे मक्याचं गरम पेय, मिळतं. चोरांना इशारा म्हणून खांबावर कापडी पुतळा टांगलाय, आमच्या ओरुरोत असायचा तसाच. सोमवारपासून नव्या शाळेत शिकवायला जायचं. मावशींनी मला लगेच गल्लीच्या ग्रुपमध्ये घेतलं. "आता तुम्ही आमच्यातल्या झालात, बाई," म्हणाल्या. सूप उकळेपर्यंत अख्ख्या गल्लीचे नमस्कार फोनवर येऊन पडले.

११ ऑगस्ट
तापाने पडून आहे. कुणाला कळवलं नव्हतं. तरी दुपारी समोरचा रुफीनो शेंगदाण्याचं सूप घेऊन दारात हजर. कॅमेऱ्यात बाई शाळेला जाताना दिसल्या नाहीत, म्हणाला. इथे प्रत्येक फाटकावरचा कॅमेरा सगळ्यांच्या फोनवर दिसतो. क्षणभर कसंसंच झालं. मग सूप प्यायले. ओरुरोत मी मेले असते तर शेजाऱ्यांना वासानेच कळलं असतं.

१९ ऑगस्ट
शाळेतून आले, तर गल्लीत एक परका माणूस. टोपी खाली ओढलेली, एकेका फाटकातून आत डोकावत होता. मी खिडकीतून फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली एवढंच लिहिलं, हा कोण? खरं तर भीती फारशी नव्हतीच. मलाही गल्लीसाठी काहीतरी करायचं होतं.
मग शिट्ट्या. दारं धडाधड उघडली. त्याला खांबाला बांधलं. तो सारखं काहीतरी सांगत होता. मावशी खालून मला म्हणाल्या, शाबास. मी खिडकी लावून घेतली.

२० ऑगस्ट
खांबाखालची जमीन धुतलीय. त्याला रुफीनोच्या मिनीबसमधून नेलं. कुठे, ते कुणी बोलत नाही. ग्रुपवर निरोप आला, फोटो डिलीट करा. केला.

२१ ऑगस्ट
वर्गात योबाना रडत होती. बाबा परवापासून घरी नाहीत. तिला फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मीच त्यांना बोलावलं होतं. शाळेत चुकामूक झाली, म्हणून माझं घर शोधत आले—
मावशींना सांगितलं. त्या कांदा चिरत राहिल्या. तो बाईंचं घर विचारत होता, हे त्यांना ठाऊक होतं. चोर असंच काहीतरी विचारतात, म्हणाल्या.
"आणि फोटो तुमचाच होता ना, बाई?"

२२ ऑगस्ट
पोलिसांकडे निघाले. फाटक उघडायच्या आत फोन वाजला. बाई, पिशवी घेऊन कुठे? परत फिरले. संध्याकाळी तीन घरांतून जेवण आलं. डबे तसेच झाकून ठेवलेत—

२४ ऑगस्ट
कॅमेऱ्यात योबानाची आई. नवऱ्याचा फोटो दारोदार दाखवतेय. ग्रुपवर तिचा चेहरा आलाय. खाली कुणीतरी लिहिलंय, त्याचीच साथीदार.
शिट्टी.
आणि मी बसून लिहितेय—
दारं उघडतायत. नाही. खाली जाते. तिच्यापुढे उभी राहते, सगळ्यांदेखत सांगते की त्यांना मीच बोलावलं होतं, आणि फोटोही मीच—