पोळ्याला जुंपलेला बैल

कामरगाव

प्रिय वैजू,

मामा-मामीचे आशीर्वाद. फोनवर तू ‘हो, हं’ करून ठेवून देतेस, म्हणून कागद काढला. हा तरी पुरा वाचशील.

माझं मन थाऱ्यावर नाही. शेतात गेलो की घरी यावंसं वाटतं, घरी आलो की फाट्यावर जावंसं. जीप थांबली की उगाच मान वळते. सोयाबीन निघालं, तूर फुलावर आली, तरी हेच चाललंय. तुझी मामी विचारते, तुमच्या पायाले कायले भिंगरी लागली?

तोच दिवस डोक्यात फिरतो. पुण्यात इतकी वर्षं कार्टूनचं काम केलंस, म्हणून पहिल्या सिनेमाचा एकेक प्रसंगही आधी कागदावर काढून आणलास. रंगवलेली शिंगं, पाठीवर झूल, गाडीला जुंपलेली जोडी आणि गाडीत मी. बैल सजलेले मिळतील म्हणून शूटिंगला दिवसही पोळ्याचा धरलास. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, हेच विसरलीस. गाडीवाल्या नानाजीनं भर चौकात टोमणा मारला, “काय वं, मामाच्या घरी वाढली अन् पोळ्याले बैल जुंपून राह्यली?” लोक हसले. तू चित्रं भिरकावलीस, म्हणालीस, कागदावरचा बैल तरी माझं ऐकतो. दुसऱ्या दिवशी पुणं गाठलंस. आता तुझा कॅमेरावाला पवन सांगतो, जुन्या स्टुडिओत परत जाणार म्हणते.

जायचं तर जा, माय. ते काम काही हलकं नाही. लहानपणी वहीच्या कोपऱ्यात बैल काढून पानं फडफडवायचीस, तो चालायचा, अन् मी हातचं काम सोडून पाहत बसायचो.

पण एक सांगतो. तू चित्रं भिरकावलीस, तेव्हा मामी आपल्या सर्जा बैलाला पुरणपोळी भरवत होती. पोळी संपली तसा त्यानं तिचा पदर चघळायला घेतला. ती आधी रागावली, मग हसली, मग त्याच्या कपाळाला कपाळ लावून उभी राहिली. पवनचा कॅमेरा चालूच होता. हे तुझ्या एकाही चित्रात नव्हतं. मी तुझ्याकडे पाहत होतो. तू डोळे पुसायला विसरलीस, अन् ‘कट’ म्हणायलाही.

आता विचारायचं ते विचारतो. तुळशीचं लग्न झालं की आपल्या लखनचं आहे. सोयरे म्हणतात, नवरदेवाचा बाप गुळगुळीत पाहिजे. तू सांगून ठेवलं होतंस, सिनेमा होईपर्यंत दाढीला हात लावू नका. कार्टूनमध्ये चित्रामागून चित्र काढलं तरी तोंड तेच राहावं लागतं, तसंच इथंही. म्हणून पोळ्यापासून विकास न्हावी दर आठवड्याला तू काढलेला फोटो समोर धरून दाढी तेवढीच ठेवतो. गाव मला हिरो म्हणून चिडवतं. सिनेमा संपला असेल तर तसं कळव, रागावणार नाही, विकासचा वस्तरा तयारच आहे. नाहीतर मांडवात मी असाच उभा राहीन.

तुझाच, दाढीवाला
पुंजामामा