साहेबाने बरणीत घातलेला हात

बुधवार, दिवेलागण

नात मरोळच्या ऑफिसातून तणतणत आली. कॉम्प्युटरवरच्या यादीत गिऱ्हाइकांची नावं बिघडली म्हणून साहेबाने सगळ्यांसमोर तिला बिनडोक म्हटलं. नोकरी पक्की होणार नाही म्हणाला. मेला! बिघडवली कोणी?

"आजी, पर्ल या कॉम्प्युटरच्या भाषेत सबरूटीनला, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्याला, नाव दिलं की मूळ नावच त्याच्या हाती जातं. त्याने आधी कॉपी काढायची असते. साहेबाने लिहिलेलं सबरूटीन थेट मुळातच बदल करतं."

म्हणजे लोणचं वाटीत काढून घ्यायचं सोडून बरणीतच ओला हात! आणि बुरशीचा बोल माझ्या पोरीला? बरणीतच, निर्लज्ज कुठला.

"मग गप्प बसलीस का गं?"

"गप्प कुठे? त्यानेच लिहिलेलं कोड त्याच्या वरच्या मोठ्या मॅडमना दाखवलं. नोकरी पक्की झाली!"

वाघीण माझी! साहेब तोंड पाडून बसलाय म्हणे. बसू दे मेल्याला. मी सुरमई तळते.