उलट्या बाजूची पट्टी

अहो,

'प्रिय' लिहून पाहिलं आणि माझं मलाच हसू आलं. जन्मभर 'अहो' म्हटलं, आता नवीन काय शोधू? पत्राचं कारण तुमचं पत्र्याचं, खेळण्याएवढं इंजिन. उद्या सकाळी ते रंगनाथभाऊजींकडे श्रीरामपूरला न्यायचंय.

त्यांच्या सुनेचा फोन आला होता. "काकू, बाबा आता धड जेवत न्हाईत. सारकं इच्यारत्यात, इंजिन कुटवर आलं." मी 'उद्या आणते' म्हणून बसले. आता वाटतंय, कशाला बोलले?

तुम्ही गेलात तेव्हा त्याचं किरकोळच राहिलं होतं. बॉलपेनच्या टोकाची शिट्टी तुम्ही बसवली होती. चाकांना सुयांचे दांडे मी लावले, समोरच्या दिव्याला काचेचं बटण लावलं. कपलिंग तर माझ्याच डबीतल्या हुकांचं! गिऱ्हाईक दारात उभं, मी हूक शोधतेय, आणि तुम्ही शांतपणे म्हणताय, "ब्लाऊजला एक हूक कमी आसला तर चालंल गं. इंजिनाला डबा जोडायचा हाय." तेव्हा किती चिडले होते मी. आता डबी भरलेली असते, कुणी हात लावत नाही.

शेवटची राहिली होती डायव्हरच्या खिडकीतली लाकडी पट्टी, भाऊजी कोपर टेकवून बसायचे ती. तुम्ही रेल्वेच्या शेडमधले फिटर, ते डायव्हर. "माझी पट्टी इसरू नको," हे त्यांनी तुम्हाला किती वेळा बजावलं असेल! डायव्हर डावीकडे, हे मला पाठ होतं. पण ब्लाऊज उलटा करून शिवायची सवय, उलट्या कापडावर डावं ते उजवीकडे येतं. इंजिन हातात चांगलं सुलटं होतं, तरी मी मनात बाजू फिरवून घेतली. पट्टी बसली उजवीकडे, कोळसा टाकणाऱ्या फायरमनच्या खिडकीला. डिंक वाळल्यावर लक्षात आलं.

उसवायला मी कधी भ्याले नाही. ब्लेडचं टोक घातलं की निघेल. पण हात पुढे होत नाही, कारण ही पट्टी जागेवर बसली की इंजिन पुरं झालं.

भाऊजी पहिल्यांदा अंथरुणाला लागले तेव्हा काय म्हणाले होते, आठवतं ना? "इंजिन पुरं बगितल्याबिगर मी कुटं जात न्हाई." आपण सगळे हसलो होतो. त्यानंतर तुम्ही चांगली बसलेली शिट्टी काढायचात, घासायचात, पुन्हा लावायचात, आणि काय राहिलंय ते त्यांना सांगून यायचात. मी तुम्हाला चेंगट म्हणायचे. खरं कारण मला का नाही सांगितलंत? मी काय गावभर केलं असतं? आणि त्यांना असं थांबवून ठेवून स्वतः मात्र न सांगता पुढे निघून गेलात. हे बरं केलं नाहीत.

तर आता ठरवलंय, पट्टी आहे तशीच नेते. भाऊजी बघतील आणि माझ्यावर खेकसतील, "वहिनी, मी काय फायरमनच्या जागी बसू व्हय? न्या माघारी." मला तेवढंच ऐकायचंय.

पण त्यांना चूक दिसलीच नाही तर? नुसतं "झ्याक झालंय" म्हणाले तर? सकाळपासून हाच विचार डोक्यात आहे. सुईत दोरासुद्धा ओवता येईना.

तसं झालं, तर मी चूक दाखवणार नाही. इंजिन त्यांच्या उशाशी ठेवीन आणि थोडा वेळ बसेन. पण खेकसले, तर तुम्हाला शब्द देते, ही पट्टी उसवायला मी तुमच्याहून जास्त दिवस लावीन.

तुमची,
सुमन