हॅनाची करंगळी

व्हिटबी,
९ मार्च १९३६

चि. हॅना हिस थर्झाताईचे पोटभर आशीर्वाद.

आधी खाली बस, मग पुढे वाच. बाबा तुझा बोलपट बघायला यायला तयार झालेत! हो, आपलेच बाबा.

सहा वर्षांपूर्वी तू धक्क्यावरचं मासे साफ करायचं काम टाकून नाटक कंपनीबरोबर गेलीस, वर आपलं ‘स्टोर’ आडनाव सोडून ‘ॲडेला मून’ झालीस. जिला बापाचं नाव जड झालं तिची पत्रं मला वाचून दाखवू नका, हा तेव्हापासूनचा हुकूम. म्हणून मी तुझी पत्रं स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचते आणि ते पलीकडच्या खोलीत जाळं विणायचं सोंग करतात. हात थांबतो तो मला कळत नाही होय?

नाटक हे पाप, पण बोलपटाचं काय, असं परवा त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाद्रीबुवा त्याबद्दल अजून काही बोललेले नाहीत. तेव्हा म्हणाले, बरं, पडद्यावरून पोरगी उलट उत्तर तरी देणार नाही.

शनिवारी सकाळीच सगळी गल्ली मोटारबसनं स्कारबरोला निघणार, अठ्ठावीस जण. मिसेस लेडलीनं एवढी मोठी टोपी घेतलीय की तिच्या मागे कोण बसणार यावरून आत्ताच जुंपलीय. मोलकरीण असून तू मालकिणीला खडसावतेस ते तू लिहून पाठवलेलं भाषण माझं पाठ आहे. भांडी घासताना म्हणते.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी,
थर्झाताई

मँचेस्टर,
१३ मार्च १९३६

ती. ताईस, हॅनाचा साष्टांग नमस्कार.

ताई, बाबांना नेऊ नकोस. पाय मुरगळल्याचं सांग, बस बिघडल्याचं सांग, काहीही सांग.

काल दुपारी कंपनीतल्या सगळ्यांना घेऊन मी मोठ्या तोऱ्यात तो बोलपट बघायला गेले. माझं भाषण कापलंय. दोन दिवस तोंड दुखेपर्यंत केलेलं ते काम, त्यातलं एक अक्षर उरलेलं नाही. चेहराही नाही. मालकिणीसमोर चहाचा कप ठेवणारा एक हात तेवढा दिसतो. त्या दिवशी हातमोजे सापडेनात म्हणून उघडाच राहिलेला. नावांच्या यादीत मी नाहीच.

कंपनीतले लोक हसले नाहीत, ते जास्त लागलं. रात्री पहिल्या अंकात मोलकरीण आणि तिसऱ्यात खून झालेली आत्या, दोन्ही रोजच्यासारख्या केल्या. आत्या मेल्यावर रडत होती, एवढाच फरक.

सहा वर्षांत बाबा एकदा माझ्याकडे बघायला निघाले, आणि त्यांना दिसणार काय, तर रिकामा पडदा! याचसाठी घर सोडलंस का, असं त्यांनी विचारलं तर मी काय दाखवू, चहाचा कप? पाया पडते, थांबव त्यांना.

रागावू नकोस, आणि जीव लावायचं थांबू नकोस.

तुझी,
हॅना

व्हिटबी,
१६ मार्च १९३६

चि. हॅना हिस आशीर्वाद, आणि एक धपाटा.

तुझं पत्र शनिवारी आम्ही निघाल्यावर दारात येऊन पडलं. परत आल्यावर वाचलं. आता ऐक.

अर्धा बोलपट झाला तरी तू दिसेनास. गल्ली कुजबुजायला लागली. मिसेस लेडली तर प्रत्येक म्हातारीकडे बोट दाखवून हीच का हॅना, असं विचारत होती. बाबा मात्र पडद्यावरून नजर हलवेनात.

मग तो कप आला. मला काही कळायच्या आत बाबा ताडकन उभे राहिले आणि वादळात नावेवर ओरडतात तसे ओरडले, की ही आमची हॅना, ते तीन वाकडे टाके माझे आहेत! चौदाव्या वर्षी मासे चिरताना तुझी करंगळी कापली, डॉक्टर गावाला गेले होते, तेव्हा बाबांनीच शिडाच्या दोऱ्यानं शिवली होती ना. मागच्यांनी आजोबा, खाली बसा, म्हणून आरडाओरडा केला. आपल्या गल्लीनं उलट टाळ्या वाजवल्या.

संपल्यावर बाबा उठेनात. तिथे खेळामागून खेळ चालू असतो, बसलेल्याला कुणी उठवत नाही, हे त्यांना कुठून कळलं देव जाणे. त्या एका कपासाठी सगळा बोलपट पुन्हा पाहिला. बस खोळंबली, बाबा सोडून बाकी सव्वीस जणांनी माझा उद्धार केला.

सोबत त्यांची चिठ्ठी आहे. रविवारी लिहीत नाहीत म्हणून आज लिहिली. पाकिटावरचं नाव बघ. ‘ॲडेला मून’ त्यांनी स्वतःच्या हातानं घातलंय. नाहीतर नाटकवाले पत्र देणार नाहीत, ही सबब.

डोळे पूस, आणि आम्हाला विसरू नकोस.

तुझी,
थर्झाताई

चि. हॅना हिस आशीर्वाद.

कप ठेवलास, चहा सांडला नाहीस. घरी हे कधी जमलं नव्हतं.

थर्झा म्हणते, रंगमंचावर उभ्या असलेल्या माणसाला कापता येत नाही. मे महिन्यात तुमचं नाटक यॉर्कला आहे असं स्वयंपाकघरातून ऐकलं. पाद्रीबुवांना मी सांगितलंय. पहिल्या रांगेत बसेन.

हातमोजे घालू नकोस.

बाबा